ओल्या रंगाचा ठोकळा

मी एक जुना ठोकळा आहे. हसलात ना? हसा. वर्गात एखाद्याला गणित जमलं नाही की मास्तर त्याला हेच म्हणतात. पण मित्रांनो, मी खराखुरा लाकडाचा ठोकळा आहे, आणि ठोकळ्यालाही आयुष्य असतं.

बचाव केंद्राच्या दाराची चौकट बसवताना जे टोक उरलं, ते मी. सुतार म्हणाला, "जाळायला घ्या." पण तिथल्या ड्रायव्हरनं मला उचललं. हा माणूस दिवसभरात जेमतेम चार शब्द बोलायचा, म्हणून सगळे त्याला 'रेडिओ' म्हणायचे. त्यानं माझ्या डोक्यात करवतीनं एक खाच पाडली आणि मला नोकरी लागली.

नोकरी अशी. केंद्रात हवा भरलेली रबरी बोट होती. ती गाडीमागच्या ट्रॉलीवर घालून न्यायची, आणि बोट चालवणारी मोटार तिच्या मागे लावलेलीच ठेवायची, म्हणजे पाण्याशी पोचल्यावर खटपट नको. पण मोटार म्हशीसारखी जड, आणि लटकलेली कशाला, तर बोटीच्या मागच्या फळीला. ती फळी रबराला नुसती चिकटवलेली. गाडी खड्ड्यात आदळली की मोटार उसळणार आणि फळीला हिसका बसणार. म्हणून मोटार वर उचलून तिच्याखाली मला पट्ट्यानं आवळायचे. सगळे हिसके माझ्या डोक्यावर! कौतुक व्हायचं बोटीचं, तेलपाणी मिळायचं मोटारीला. रेडिओ मात्र जाता जाता मला एक थाप मारायचा. मला तेवढं पुरायचं.

मग नवी बोट आली, आणि ती बघायला वरून मोठे पाहुणे येणार असं ठरलं. आमच्या साहेबांच्या अंगातच आलं. दिसेल ते लाल रंगवायचा हुकूम सुटला. बादल्या रंगल्या, दगड रंगले, दारात झोपलेल्या मांजराची शेपटीही सुटली नाही. मला तर दोनदा रंग दिला आणि कट्ट्यावर वाळत ठेवलं.

पाहुणे आलेच नाहीत. त्यांचाच रस्ता पाण्याखाली गेला. नदी खालच्या वस्तीत शिरली होती. रेडिओचा फोन वाजला. त्याची थोरली बहीण आणि दाजी त्यांच्या लाँड्रीच्या पत्र्यावर चढून बसले होते.

रेडिओ धावत आला आणि त्यानं मला उचललं. तेवढ्यात साहेब ओरडले, "अरे अरे, ठेव तो! रंग ओला आहे!"

"मोटार उसळेल, साहेब."

"उसळू दे! नव्या बोटीला डाग पडला तर पाहुण्यांना काय तोंड दाखवू? एक दिवस ठोकळा नसला तर काय आभाळ कोसळतंय? चल, हाक गाडी!"

"ताई आहे तिकडे," रेडिओ म्हणाला.

"म्हणूनच म्हणतोय, घाई कर!"

भांडायला वेळ नव्हता. रेडिओनं मला खाली ठेवलं. अंगठा पॅन्टला पुसला आणि एका जोडीदाराला घेऊन निघाला. माझ्या ओल्या रंगात त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता.

पुढचं मी पाहिलं नाही. ते परत आल्यावर जे बोलले, त्यावरून मला समजलं. वाटेत मोटार प्रत्येक खड्ड्यात नाचली. पाण्याशी पोचेपर्यंत फळी रबर फाडून निघाली आणि बोटीचा मागचा भाग हवा सोडून लोळागोळा झाला. मोटार काठावरच टाकून ते उरलेल्या अर्ध्या बोटीतून, वल्ही मारत गेले. बोटीत कसाबसा आणखी एकच माणूस बसू शकत होता. दाजींनी ताईला पुढे ढकललं.

"तू हो पुढे. मी काय इथून पळून जातोय का?"

दुसऱ्या खेपेला तिथे पत्रा नव्हता. दाजीही नव्हते.

चौकशी झाली. चौकशीचं टेबल डुगडुगत होतं. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला त्याच्या पायाखाली सरकवलं. "हा घ्या. आता वाळलाय."

माझ्या डोक्यावर बराच खल झाला. कुणी म्हणालं रबर हलकं, कुणी म्हणालं रस्ता वाईट. शेवटी चौकशी अधिकाऱ्यांनी रेडिओला विचारलं, "तुझ्या मते कारण काय?"

रेडिओची नजर टेबलाखाली गेली.

"ठोकळा," तो म्हणाला.

"कोण ठोकळा?" अधिकारी भडकले. "साहेबांना म्हणतोस? की मला?"

रेडिओचं पुढचं कुणी ऐकूनच घेतलं नाही. वरिष्ठांना टाकून बोलला म्हणून त्याला घरी बसवलं. जाताना तो बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं खाली वाकला. त्यानं माझ्यावरच्या ठशात आपला अंगठा ठेवला. अगदी बरोबर बसला.

मित्रांनो, वस्तू रंगवा, पुसा, मिरवा. पण ती कशासाठी केली आहे, ते आधी विचारा. आणि मोटार लावून बोट नेणार असाल, तर तिच्याखाली काहीतरी टेकवा हो! माझ्यासारखं काहीही चालेल.

आता आणखी नवी बोट आली आहे. आज सकाळीच ती निघाली, मोटार लावलेलीच. फाटकाजवळच्या खड्ड्यात मोटार आदळली, तो आवाज मला इथे टेबलाच्या पायाखाली ऐकू आला.

टेबल मात्र जराही हललं नाही.