एका हाताचा राखणदार

मी एक जुना, लाकडी, एका हाताचा राखणदार आहे. मित्रांनो, माझा दुसरा हात कसा गेला ते ऐकायचं असेल तर जरा घट्ट बसा. माझ्या गोष्टीत रक्त फार आहे.

फिलिपिन्सच्या इफुगाव प्रांतात डोंगरच्या डोंगर कोरून भातखाचरं केलेली आहेत. तिथल्या भाताच्या कोठारात धान्याची राखण करायला माझ्यासारखा लाकडी देव बसवतात. त्याला बुलुल म्हणतात. माझ्या जन्मासाठी आधी एक झाड मेलं. कुऱ्हाडीचे घाव बसले, खोड कोसळलं आणि त्या एकाच खोडातून आम्ही दोघं निघालो, मी आणि ती. बुलुल एकटा घडवत नाहीत, जोडा घडवतात. मग पुजाऱ्यानं डुक्कर मारलं आणि त्याचं गरम रक्त आमच्या तोंडाला फासलं. दचकू नका. आमच्याकडे देवात प्राण असेच आणतात. दर हंगामात पूजा व्हायची, तांदळाची दारू मिळायची आणि कोठार भरलेलं असायचं. आम्ही दोघं मोठ्या दिमाखात गुडघ्यांवर हात ठेवून बसायचो.

मग मोठं युद्ध आलं. १९४५ साली हरत चाललेलं जपानी सैन्य आमच्या डोंगरात शिरलं. वरून अमेरिकी विमानं बॉम्ब टाकत होती आणि खाली भुकेले शिपाई कोठारं फोडत होते. आमचा धनी दुलनुआन कोठाराच्या दारात आडवा उभा राहिला. एका शिपायानं त्याच्या पोटात संगीन खुपसली. तो माझ्या पायांवर पडला आणि त्याला ओलांडून त्यांनी शेवटचा दाणा उपसून नेला. मी म्हणे राखणदार! डोळे टक्क उघडे ठेवून नुसता बघत राहिलो. त्या दिवशी माझ्या पायांवर सांडलेलं रक्त पूजेचं नव्हतं. ते मला आजवर पचलेलं नाही.

दुलनुआनची नात बुगान. आजोबांच्या जागी तिनं आम्हा दोघांना जपलं. पण काळ बदलला होता. जुन्या देवांपेक्षा जुन्या देवांच्या गिऱ्हाइकांना भाव आला होता. एका दुपारी तिचा धाकटा दीर दोन माणसं घेऊन कोठारात शिरला आणि त्यानं मला पोत्यात कोंबायला सुरुवात केली. बुगान खाचरातून चिखलाच्या पायांनी धावत आली. तिच्या हातात कोयता होता. तिनं दिरावर वार केला आणि त्या भेकडानं मला ढाल म्हणून पुढे धरलं. माझा डावा हात खांद्यापासून उडाला. मग त्या दोघांनी तिला लाथांनी तुडवलं. पोत्याच्या तोंडातून मला शेवटचं दिसलं ते एवढंच, की बुगान जमिनीवर पडली आहे आणि माझा तुटका हात तिनं छातीशी धरला आहे.

मनिलाच्या बंदरात जहाजांवर चढून शोभेच्या वस्तू विकणारे असतात. त्यांच्यातल्या एकाकडून मला मंदारनं घेतलं. मंदार जहाजावरचा इंजिनिअर, मूळचा पुण्याचा. मी चोरीचा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्यानं विचारलंही नाही. त्यानं मला सिंगापूरला, पुंगोलच्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. बायको विद्यानं मला टीव्हीशेजारी बसवलं आणि मुलगी किमयानं माझं नाव 'लाकडोबा' ठेवलं. घर शुद्ध शाकाहारी! डुकराच्या रक्तावर वाढलेला मी, माझ्यासमोर दर गुरुवारी दूधसाखरेची वाटी येऊ लागली. पण किमया शाळेतून आली की पहिल्यांदा मलाच हात लावायची. खोटं कशाला बोलू, मला ते घर आवडू लागलं होतं.

आणि मग २०१६ साली मंदारच्या जहाजावर वाफेचा नळ फुटला. एका माणसाचा जागीच जीव गेला. मंदार वाचला, पण डाव्या हाताचं मांस भाजून निघालं आणि तीन बोटं कापावी लागली. त्याची आई, संजीवनीबाई, पुण्याहून धावत आल्या. लेकाचा तो हात पाहिला, मग त्यांची नजर माझ्या तुटक्या खांद्यावर गेली.

"खंडित मूर्ती घरात ठेवलीत? अगं विद्या, याचा डावा हात नाही, आणि माझ्या लेकाचाही डावाच हात गेला!"

"अहो आई, ती शोभेची वस्तू आहे," विद्या म्हणाली.

"शोभा? हा काळ आणून बसवलाय तुम्ही घरात!"

त्यांनी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलला आणि माझ्या खांद्यावर घातला. एक, दोन, तीन घाव. ढलप्या उडाल्या. विद्यानं त्यांचे हात धरले तेव्हा कुठे त्या थांबल्या. मला त्यांचा राग आला नाही. आपल्या माणसावर घाला पडला की हातात येईल ते उचलणारी बाई मी आधीही पाहिली होती. शेवटी त्यांनी फर्मान काढलं, की येत्या रविवारी सकाळी याला समुद्रात सोडायचं.

मंदार बरा झाल्यावर जहाज सोडून हार्बरफ्रंटच्या, बंदराकाठच्या ऑफिसात बसणार होता, पण त्याला समुद्र डोळ्यांसमोर नको झाला होता. सुट्टीत डोंगर बघू या म्हणून विद्यानं नेमका इफुगाव शोधला आणि टॅबलेटवरून ती सगळ्यांना पाहण्यासारखी ठिकाणं वाचून दाखवू लागली. बनावेची भातखाचरं! पर्यटकांना हिरव्या पायऱ्या दिसतात. दरड कोसळून त्यांच्याखाली गाडली गेलेली माणसं मला आठवली. किआंगानचं युद्धस्मारक! तिथे त्या जपानी सैन्याच्या सेनापतीनं शस्त्रं खाली ठेवली. दुलनुआनला भोसकून झाल्यावर. हापाओची नदी! सुगीनंतर दोन गट पाण्यात उतरून रस्सीखेच खेळतात. ते मात्र माझंच गाव. मी कान टवकारले.

मग संग्रहालयाचा फोटो आला. किमया आपल्या सिंगापुरी ढंगात ओरडली, "ए, धिस वन आपला लाकडोबा, ला! पण हे दोघं आहेत. आई, हे म्हणतात ऑल्वेज जोडी असते. आपल्याकडे एकच का?"

विद्यानं टॅबलेट पालथा घातला.

रविवारी सगळे पुंगोलच्या धक्क्यावर गेले. मी पोत्यात होतो, पुन्हा एकदा पोत्यात. खाली पाणी खांबांवर आपटत होतं. मला बुडण्याची भीती नव्हती, लाकूड सहजी बुडत नाही. पण मला तिच्याजवळ जायचं होतं, आणि लाटा मला कुठे नेतील याचा नेम नव्हता. संजीवनीबाईंनी पोतं कठड्यावर चढवलं, तोच किमयानं त्याचं दुसरं टोक पकडलं.

"आजी, कॅनॉट! तिकडे त्याची वाइफ आहे!"

"सोड किमया! तुझ्या बाबांच्या जिवावर उठलाय तो!"

नात एकीकडे, आजी दुसरीकडे. आमच्या नदीतल्यासारखीच रस्सीखेच, फक्त इथे कोणी हसत नव्हतं. पोतं फाटलं. मी घसरलो, किमयानं मला कवटाळलं आणि तिचा तळवा कठड्याच्या तुटक्या पत्र्यावर फाटत गेला. रक्ताची धार माझ्या तोंडावर आली. मित्रांनो, मी आयुष्यभर रक्त प्यायलो. हे रक्त मात्र मला नको होतं. आवाज असता तर त्या दिवशी मी किंचाळलो असतो.

संजीवनीबाईंचे हात तरीही माझ्या पायांवरून सुटले नव्हते. तेव्हा मंदार पुढे आला. त्यानं पट्टी सोडून आपला दोन बोटांचा हात आईच्या डोळ्यांसमोर धरला.

"आई, मीही खंडित झालोय. मलाही सोडतेस का पाण्यात?"

संजीवनीबाईंनी मला सोडलं. त्यांनी नातीचा तळवा पदरात गच्च दाबून धरला आणि लहान मुलासारख्या हमसून हमसून रडल्या. किमयाच्या हाताला टाके पडले, आणि डिसेंबरच्या सुट्टीत मी त्या चौघांबरोबर इफुगावला निघालो.

माझं घर शोधणं अवघड गेलं नाही. जिथे थांबू तिथे विद्या मला बाहेर काढून विचारायची. हापाओच्या पुलावर एक म्हातारा मला पाहताच म्हणाला, "एका हाताचा? याचा हात बुगानकडे आहे. सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे."

बुगानचे केस पिकले होते आणि ती लंगडत चालत होती. त्या लाथांनी मोडलेला पाय कधी धड जुळलाच नव्हता. कोठारात 'ती' होती तिथेच, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली. तिच्या मांडीवर माझा हात ठेवला होता. बुगाननं तो उचलून माझ्या खांद्याला लावला, पण तो बसेना. बत्त्याच्या घावांनी खांद्याची कड उडाली होती, मधे फट राहत होती. ती फट पाहून संजीवनीबाईंचा चेहरा पडला. मग त्यांनी आपल्या साडीचा काठ फाडला, फटीत त्याची घडी बसवली आणि उरलेल्या काठानं हात खांद्याशी घट्ट बांधला. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. दोन्ही म्हाताऱ्यांनी मिळून गाठ मारली.

बुगाननं माझ्या पूजेसाठी कोंबडी कापली तेव्हा संजीवनीबाईंनी तोंड फिरवलं, पण जागा सोडली नाही.

तर मित्रांनो, आता मी तिच्याशेजारी बसलो आहे. तुम्हीही कधी ही ठिकाणं बघायला याल. फोटो जरूर काढा, पण इथलं काही पिशवीत घालून नेऊ नका. कोणी विकायला आणलं तर ते कोणाच्या घरातून आलं, हे आधी विचारा. आणि तुमच्या घरात एखादी तुटकी वस्तू, तुटकं माणूस असेल तर घाईनं टाकून देऊ नका. माझा हात माझ्या वैऱ्यानं नाही तोडला. मला जाऊ न देणाऱ्या बाईच्या कोयत्यानं तो तुटला, आणि तो तिनंच सांभाळून ठेवला.