चंदेरी सिलं आणि ताईबाईंचं कुडकं

ज्या वर्षी दौंडच्या प्रभुदासमामांच्या मुलीचं, क्रिस्टीनाचं लग्न झालं, त्या २०१६ साली जावई जॉन्सननं मला सासऱ्यांच्या हातात दिलं. मामा रेल्वेतून नुकतेच निवृत्त झाले होते. मित्रांनो, मी एक जुना धातुशोधक आहे. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती आणि मुठीजवळ एक गोल बटण, एवढंच माझं शरीर.

ते बटण उजवीकडे फिरवत गेलं की आधी खिळे, लोखंड गप्प होतं, मग चंदेरी कागद. तांब्याचा पैसा आणि चांदीचा रुपया मात्र शेवटपर्यंत बोलतात. लोकांना तेवढंच हवं असतं. पण हलकं सोनं चंदेरी कागदाच्याच पंक्तीला बसतं. कागदाला गप्प केलं की सोनंही मुकं होतं. हे मी ओरडून सांगितलं असतं, पण मला बोलता येतं ते फक्त जमिनीवर.

इनामगावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या गावाच्या टेकाडात, जुनी नाणी काढायला काहीजण मला मागायला आले होते. मामा म्हणाले, "ती जागा सरकारनं राखलीय. मशीन मिळायचं न्हाई." मला त्यांचा अभिमान वाटला.

एकदा निमोण्याच्या सोपानरावांनी बोलावलं. कांदा काढताना त्यांच्या बायकोच्या, ताईबाईंच्या कानातलं हलक्या सोन्याचं कुडकं हरवलं होतं. आळ आला होता मजुरीला आलेल्या पुतळाबाईंवर, कारण त्या शेजारच्या वाफ्यात होत्या. पुतळाबाई बांधावर बसून होत्या. "पदर झाडून दावलाय," त्या म्हणाल्या. "आता तुमचं रान झाडा. तवर मी हलायची न्हाई."

मी बोलू लागलो आणि थांबेचना. फवारणीच्या औषधाच्या बाटलीचं चंदेरी सील फाडायचं आणि तिथंच टाकायचं, ही त्या रानाची वर्षानुवर्षांची रीत.

"मामा, त्या सिलांची कटकट बंद करा. डोकं उठलं," सोपानराव म्हणाले.

मामांनी बटण उजवीकडे फिरवलं. ही मामांची चूक, आणि मी ती लपवणार नाही. आम्ही सगळं रान फिरलो. मी मुका.

"बघा, रानात न्हाई," सोपानराव मोठ्यानं म्हणाले. सगळ्या बाया पुतळाबाईंकडं बघू लागल्या.

पुतळाबाई उठल्या. "मामा, त्याचं तोंड बांधून त्याची साक्ष काढताय व्हय? सोडा त्याला."

मामा खजील झाले. त्यांनी बटण पार डावीकडं नेलं. "आता हा बोलंल तिथं मी उकरणार," ते म्हणाले. "सोपानराव, कान दुखला तर घरी जा."

मी बोललो. मनसोक्त बोललो. दर आवाजाला मामा खुरपं घालायचे, सील निघायचं, बाया हसायच्या. "मामा, भंगाराचं दुकान टाका." मामा उकरत राहिले. पाटी सिलांनी भरली. दुपार कलली तेव्हा, वाळल्या पातीखाली, तसाच बारीक आवाज झाला. या वेळी मातीतून कुडकं निघालं.

ताईबाईंनी तोंडाला पदर लावला. सोपानराव म्हणाले, "झालं ते झालं. चला, चहा घ्या."

"च्या नगं," पुतळाबाई म्हणाल्या. "चोर म्हणालात ते चारचौघात. आता चारचौघातच सांगा."

सोपानराव ढेकळाकडं बघत म्हणाले, "पुतळाबाईनं घेतलं नव्हतं."

"ऐकू न्हाई आलं."

त्यांना ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.

आज माझ्या चकतीला तडा गेलाय आणि घरातले मला मोडीत घाला म्हणतात. खुशाल घाला. पण मित्रांनो, ज्याचा आवाज नकोसा वाटतो, त्याला गप्प करून वर 'तिथं काही नव्हतं' असं म्हणू नका. मी हे म्हणायचं सोडणार नाही.

प्रभुदासमामा २२ डिसेंबर २०२३ रोजी, शुक्रवारी सकाळी, दौंडला वारले.