दसऱ्यापर्यंतची खपली

मिठागरात झालेली जखम पावसाळ्याआधी भरत नाही, हे मुलुंडच्या खाडीकडच्या माणसांना शिकवावं लागत नसे. हंगामभर पाय खाऱ्या पाण्यात. बोटांच्या बेचक्यात चिरा पडत, त्यांत मीठ बसे, आज धरलेली खपली उद्या निघून जाई. जूनमध्ये काम थांबलं की महिन्याभरात कातडी मऊ होई. दसऱ्याला अवजारांच्या पूजेसाठी माणसं जमत, तेव्हा पायांवर नुसते व्रण उरलेले असत.

म्हणूनच १९५४ च्या फेब्रुवारीत नंदूने उजव्या कानाच्या वरच्या कडेवरचा फोड दाखवला, तेव्हा दशरथने हातातली फळी थांबवलीसुद्धा नाही.

"मिठाचं हाय. पावसात जाईल."

"पायाला मीठ लागतं. कानावर कसं चढलं रं?"

"घाम कुठल्या हातानं पुसतोस? मिठाच्याच ना? मग!"

नंदूला ते पटलं. दशरथचं त्याला बहुतेक पटत असे. दशरथ त्याच्या बायकोचा, रुक्मिणीचा, थोरला भाऊ होता आणि बारा वर्षांचा कामातला जोडीदार. मिठागराची रीत अशी, की मीठ पिकणाऱ्या वाफ्यांची एक रांग दोघांच्या जोडीला मिळे. एकाने लांब दांड्याच्या फळीने मीठ बांधाकडे ओढायचं, दुसऱ्याने त्याचा ढीग लावायचा. जोडीदार नसेल तर रांग दुसऱ्यांना जाई.

नंदूशी जोडी करायला आधी कुणी तयार नव्हतं. तो जन्मतःच पांढरा. केस तागाच्या धाग्यासारखे, पापण्याही तशाच. अशा माणसाला गावात सूर्यमुखी म्हणत. मुकादम भाऊ त्याला साहेब म्हणे. "सगळे साहेब बोटीत बसून गेले, हा एक आमच्या वाफ्यात राहिला," हा त्याचा विनोद सात वर्षांत शिळा झाला तरी तो सोडत नव्हता. नंदूची खरी अडचण डोळ्यांची होती. दुपारी पांढऱ्या मिठावरून ऊन उलटं वर येई आणि त्याला समोरचं काही दिसत नसे. यावर दशरथने तोड काढली होती. नंदूने डोक्याला, गालांना फडकं बांधायचं, पण कान उघडे ठेवायचे. दशरथची फळी खरखरली की आवाजाच्या अंदाजाने पुढे सरकायचं. बारा वर्षांत नंदूचं पाऊल एकदाही बांधावरून घसरलं नव्हतं.

पाऊस आला. पायांच्या चिरा भरल्या. कानाबद्दल दशरथने विचारलं नाही आणि नंदूनेही विषय काढला नाही. आता तो फडकं कानांवरूनही बांधे आणि घरातसुद्धा सोडत नसे. रुक्मिणीने एकदा भावाला सांगितलं, "दादा, उशीला डाग पडतात." दशरथ म्हणाला, "खपली निघत असेल. दसऱ्याला बघ, काय राहणार नाय."

दसऱ्याला फळ्या धुऊन बांधावर उभ्या केल्या. झेंडूची फुलं वाहिली, नारळ फुटला. भाऊ मुकादम एकेकाला कुंकू लावत आला आणि नंदूसमोर थांबला.

"साहेब, टोपी काढा की. देवासमोर तरी."

नंदू हलला नाही. मग दशरथनेच पुढे होऊन गाठ सोडली. फडकं कानाला चिकटलं होतं. ते ओढताना नंदूने दात आवळले. कानाची वरची कड राहिलीच नव्हती. तिथे रुपयाएवढी, उंच काठाची, ओली जखम होती.

भाऊच्या हातातली कुंकवाची वाटी तशीच राहिली. पुढचा विनोद करायला तो विसरला.

"चार महिने मिठात पाय नाय तुझा," दशरथ म्हणाला. "मग हे कशानं?"

"मला काय विचारतोस? तूच म्हणालास ना पावसात जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं स्टेशनजवळ डॉक्टर टिपणिसांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी जखम पाहिली, मग नंदूची मान कानामागून गळ्यापर्यंत बराच वेळ चाचपली.

"किती दिवस झाले?"

"माघापासून," दशरथने सांगितलं.

"माघ? आणि आज आलात?"

"मिठाची वाटली."

"मिठाची नाही, उन्हाची आहे." डॉक्टर हात धूत बोलत होते. "तुमच्या-आमच्या कातडीत काळा रंग असतो, तो छत्रीसारखा आड येतो. आपल्यालाही ऊन बाधतं, पण उशिरा, क्वचित. ह्यांना ती छत्रीच नाही. कान कायम उघडा ठेवता का?"

नंदूने दशरथकडे पाहिलं नाही. दशरथ म्हणाला, "मीच ठेवायला सांगितला."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. "हा कॅन्सर असावा. परळच्या मोठ्या इस्पितळात जा, आजच. मानेत मला गाठ लागली नाही, पण ते लोक नीट बघतील. गाठ नसेल तर नुसत्या कानावर भागेल. असेल तर मी आत्ता काही सांगत नाही."

परळला तुकडा काढून तपासायला दिला. निकालाला आठ दिवस लागणार होते. त्या आठ दिवसांत दशरथ रोज संध्याकाळी बहिणीच्या घरी जाई आणि नंदूच्या मानेवरून बोटं फिरवी. डॉक्टरांनी केलं तसं, कानामागून खाली.

"गुदगुल्या होतात रं," नंदू म्हणाला. "म्हशीचा बाजार हाय का हा?"

"गप बस."

आठव्या दिवशी कळलं, कॅन्सरच होता. मानेत गाठ नव्हती. कान काढायचा ठरला. नंदूने मोठ्या डॉक्टरांना एकच विचारलं, की ऐकू येईल का. आतला कान शाबूत आहे, येईल, असं उत्तर मिळालं. उन्हातलं काम मात्र कायमचं बंद.

नंदू कान काढून घरी आला. नोव्हेंबरात वाफ्यांची वाटणी झाली. दशरथला दुसरा जोडीदार घेऊन रांग राखता आली. पण नंदूचं काय, हे तो भाऊला विचारायला गेला.

"छपरातलं काम आहे," भाऊ म्हणाला. "गोणी शिवायची. पण तिथं सगळ्या बायका."

"मग बायकांत बसेल."

"बसेल का पण? विचार त्याला."

दशरथने विचारलं. नंदूने दोन दिवस छपराची वाट धरली नाही. तिसऱ्या दिवशी रुक्मिणीनेच त्याच्या हातात दाभण ठेवलं. "मला तू कानाशिवाय चालशील," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय मला नाय चालणार."

छपरात कुंदा नावाची जुनी कामकरीण होती. तिने पहिल्या दिवशी त्याला नीट न्याहाळलं. "ये बाबा. आमच्यात एक कानफाट्या कमीच होता." बायका हसल्या. थोड्या वेळाने नंदूही हसला. दाभण डोळ्यांजवळ धरावं लागे, पण छपरात ऊन नव्हतं आणि त्याला सुतळी दिसत होती.

दशरथचा नवा जोडीदार डोळ्यांनी धड होता. तरी पहिले काही दिवस दशरथ फळी मुद्दाम जोरात खरखरवत असे.

मार्चमध्ये एका दुपारी तो पाणी प्यायला छपरात आला. उजवा पाय जपून टाकत होता.

"काय झालं?" नंदूने विचारलं.

"काय नाय. मिठाचं."

"किती दिवस?"

"असतील वीस-पंचवीस. पावसात जाईल."

नंदूने दाभण गोणीत खोचलं आणि पुढे सरकला.

"बस इथं. पाय वर कर."

"अरे मिठाचंच हाय, पायाला—"

"माझंपण मिठाचंच होतं. कर वर."

बायका बघत होत्या. दशरथ गोणीवर बसला आणि पाय वर केला. नंदूने तो दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ नेला आणि बोटांची एकेक बेचकी उघडून पाहू लागला.