वरचं शेताचं

मी एक जुनी चाळण आहे, मित्रांनो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. चाळण म्हटलं की लोकांना फक्त भोकंच आठवतात. रस्त्यात खड्डे पडले की म्हणतात, रस्त्याची चाळण झाली. छत गळायला लागलं की म्हणतात, छताची चाळण झाली. जणू चाळण होणं म्हणजे वाटोळं होणं! मला याचा फार राग येतो. माझं एकेक भोक विचार करून पाडलेलं आहे. खड्ड्यांचं तसं असतं का, तुम्हीच सांगा.

माझा जन्म पत्र्याची कामं करणाऱ्या एका कारागिराकडे झाला. त्याचं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली बोळकांडी. तिथे एक दिवस एक बाई आली. ती एका शेतकरी कुटुंबातली थोरली सून. पुढे माझं सगळं आयुष्य तिच्याच घरात गेलं, म्हणून मी तिला नुसती थोरली म्हणते. तिने रुमालाची गाठ सोडून गव्हाचे निवडक टपोरे दाणे त्याच्यापुढे ओतले.

"हे दाणे वर राहिले पाहिजेत. याहून बारीक असतील ते खाली पडू देत."

"बाई, चाळण हवीय की दागिना?"

"दागिना हवा असता तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

कारागीर पुटपुटला खरा, पण हाताने प्रामाणिक होता. टोच्याने भोक पाडायचं, दाणा टाकून बघायचा, मग पुढचं भोक. संध्याकाळी त्याने मला कडं बसवलं आणि थोरली मला काखेत मारून घरी घेऊन गेली.

त्या घरात दोन जावा होत्या, थोरली आणि धाकटी. मळणी झाली की दोघी अंगणात समोरासमोर बसायच्या, माझं कडं दोन्ही बाजूंनी धरायच्या आणि मला झुलवायच्या. बारीक, तुटके दाणे खाली पडायचे, टपोरे वर राहायचे. वरचे दाणे वेगळ्या पोत्यात जायचे, पुढच्या पेरणीसाठी. थोरलीचा एकच नियम होता, वरचं शेताचं, खालचं आपलं. पाहुणा कितीही मोठा असो, त्याच्या ताटात खालच्याच गव्हाची भाकरी. धाकटीचा भाऊ एकदा म्हणाला, "तुमच्या घरी पाहुणा म्हणून येण्यापेक्षा शेत म्हणून यावं." सगळे पोट धरून हसले. नियम मात्र बदलला नाही.

दर वर्षी निवडलेलं बियाणं पेरल्यामुळे पीक सुधारत गेलं. जमीन तेवढीच, पाणी तेवढंच, पण पोती जास्त भरू लागली. शेजारीपाजारी बियाणं मागायला यायचे आणि जाताना माझं तोंड भरून कौतुक करायचे. मीही थोडी फुगले होते, खोटं कशाला सांगू!

मग ते वाईट वर्ष आलं. पीक उभं असतानाच गरम वारे सुटले आणि दाणा भरायच्या आत वाळला. त्या वर्षी अंगणात मला झुलवलं तेव्हा माझ्यावर काही ठरेचना. जवळजवळ सगळा गहू खाली पडला. वर राहिले ते एका लहान पिशवीत मावले. आणि खालचा गहू घराला पुरणार नव्हता, हे दोघींनाही दिसत होतं.

धाकटीची मुलं लहान होती. ती म्हणाली, "जाऊबाई, यंदा वरचंही दळू या."

"नको गं. त्याला हात लावू नकोस."

"मुलांचं पोट आधी की शेताचं?"

"मुलांचंच. म्हणूनच म्हणते, हात लावू नकोस. हे दळलं तर पुढच्या वर्षी पेरायचं काय?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू!"

धाकटी तरातरा उठून आत गेली. दोघींची बोलाचाली बंद झाली. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, पण त्यांनी अळीमिळी गुपचिळी केली. दुसऱ्या दिवशी थोरलीने मला उचललं आणि ती दुसऱ्यांच्या खळ्यावर धान्य साफ करायला निघाली. मजुरी म्हणून धान्यच मिळायचं, तेही खड्यामातीचं. आजवर आपल्या अंगणात ताठ मानेने बसणारी थोरली परक्यांच्या धुळीत दिवसभर वाकून बसायची आणि संध्याकाळी गाठोडं घेऊन परतायची. आणलेल्यातलं पहिलं माप धाकटीच्या मुलांसाठी निघायचं. स्वतःच्या पोटाला चिमटा काढायची, पण कुणाला कळू द्यायची नाही. मला मात्र सगळं कळायचं आणि फार वाईट वाटायचं.

एका संध्याकाळी धाकटी दारातच उभी होती. थोरलीच्या बोटांची सालं निघालेली तिने पाहिली आणि पुढे होऊन तिच्या हातातलं गाठोडं घेतलं.

"उद्या मी जाते."

"मुलांना कोण बघणार?"

"तुम्ही. दुसरं कोण?"

एवढंच बोलणं झालं. मग त्या आळीपाळीने जाऊ लागल्या. मला मात्र सुट्टी नव्हती! कोपऱ्यातली पिशवी तशीच राहिली. पेरणीच्या दिवशी तिची गाठ धाकटीने सोडली. बियाणं थोडं होतं म्हणून शेताचा एक तुकडाच पेरता आला, पण तो असा काही पिकला की पुढच्या वर्षी पूर्ण शेताला पुरेल एवढं बियाणं घरातच तयार झालं. धाकटी मुलांना ते पीक दाखवायला घेऊन गेली, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

तेव्हापासून धाकटी थोरलीहून कडक झाली. शेणखत विकत मागायला कुणी आलं की तीच सांगायची, "ते शेताचं आहे." एकदा शेतकी अधिकारी घरी आले. सगळं पाहून खूश झाले आणि म्हणाले, "आजी, याला गुंतवणूक म्हणतात." थोरलीला तो शब्द भारी आवडला. "एवढं जड नाव आहे होय! मग आणखी जपायला हवं," ती म्हणाली.

पुढे गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून बियाणं निवडायचं यंत्र आणलं. दिवसभराचं काम ते चहा होईपर्यंत उरकतं. वर बियाण्याला कीड लागू नये म्हणून गुलाबी औषधही लावून देतं. त्याच्या पोटात आमच्याच जातीच्या चाळण्या आहेत, म्हणून मी नाक मुरडत नाही. पण मी भिंतीवरच्या खिळ्याला गेले ती गेलेच. कडं गंजलं, कोळ्याने जाळं विणलं. खाली अंगणात मळणीची गडबड ऐकू आली की जीव तुटायचा.

गेल्या हिवाळ्यात थोरली अंथरुणाला खिळली. दात उरले नव्हते, अन्नावरची वासना उडाली होती. तेव्हा पांढऱ्या केसांची धाकटी स्टुलावर चढली आणि तिने मला खाली काढलं. यंत्रातला गहू औषधाचा, तो खायचा नाही. म्हणून तिने खायच्या गव्हाचं पोतं उघडलं आणि एकटीनेच मला हलवलं. वर राहिलेले टपोरे दाणे निवडून दळले आणि त्यांची मऊ पेज करून थोरलीला भरवली.

पहिल्याच घोटाला थोरली थांबली.

"अगं, हे वरचं आहे. दळलंस कसं?"

"शेताचं शेताला ठेवलंय, जाऊबाई. हे तुमचं."

थोरली बराच वेळ पेज तोंडात घोळवत राहिली. मग हसून म्हणाली, "इतकी वर्षं शेत काय जेवत होतं, ते आज कळलं."

वाटी पुसून खाल्ली तिने, मित्रांनो. थोड्याच दिवसांनी ती गेली.

मी अजून स्वयंपाकघरातच आहे. तुम्ही मोठे झालात की तुमच्या हाती यंत्रं असतील, मोठी शेतं असतील, पीकही भरघोस येईल. त्यातलं उत्तम ते आधी मातीला द्या, माझी एवढीच विनंती आहे. आणि असं देता देता तुमच्या घरात कुणी आयुष्यभर खालचंच खाल्लं असेल, तर त्या माणसाला एक वाटी वरचं वेळेवर द्या. आम्हाला फार उशीर झाला.