अंगावरून सरकलेली पूररेषा

मी धोंडखेडच्या गावठाणाचा नकाशा बोलतोय. नकाशाने बोलायचं नसतं, दाखवायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण मी जे दाखवतो ते खोटं आहे. म्हणून तोंड उघडावं लागतंय.

माझा जन्म बासष्ट सालचा. त्याच्या तीन वर्षं आधी धोंडखेडचा नाला गावात शिरला होता. सरकारला त्याची दखल घ्यायला तीन वर्षं लागली. सरकारच्या मानाने ही घाईच म्हणायची. बुलढाण्याहून ओव्हरसिअर आले आणि पाणी कुठवर चढलं होतं ते विचारू लागले. गावातल्या पुरुषांनी जितकी तोंडं तितक्या जागा दाखवल्या. आपलं आवार तेवढं कोरडं राहिलं होतं, असं प्रत्येकाला आठवत होतं. शेवटी भाजी पिकवणाऱ्या अंबूबाई पुढे आल्या.

"हे पाहा साहेब, इथं माही म्हैस बांधेल होती. पानी तिच्या पाठीवरून गेलं. मी या निंबावर बसून माह्या डोयानं पाह्यलं."

"निंबावर? या वयात?"

"पानी आलं तं तुमीबी चढसान."

ओव्हरसिअर हसले, पण त्यांनी तिचंच ऐकलं. तिने दाखवलेल्या खुणा जोडत त्यांनी खळ दिलेल्या पारदर्शक कापडावर, म्हणजे माझ्या अंगावर, निळ्या शाईची रेघ ओढली. खाली लिहिलं: रेघेपासून नाल्यापर्यंत घर बांधू नये. सही करायला आलेल्या पुढाऱ्यांपैकी एकानेही जे पाहिलं नव्हतं, ते माझ्यावर उतरलं होतं. मी ताठ मानेने धोंडखेडला आलो.

पंचायतीचे कारकून नारायणराव यांनी मला ताब्यात घेतलं. नारायणराव वाईट नव्हते. वाईट असते तर ही हकिगत सोपी झाली असती. दसऱ्याला दप्तराची पूजा करताना ते मला फूल वाहायचे, पण कुंकू लावायचे नाहीत. नकाशावर डाग पडू नये म्हणून.

सहासष्ट साली अंबूबाईंचा थोरला मुलगा वारला. धाकट्याने म्हातारीला आणि विधवा भावजयीला वेगळं काढलं. ती भावजय, रुक्मिणीबाई, घरासाठी जागा मागायला पंचायतीत आली. उरलेली जागा एकच होती, आणि ती रेघेच्या आत, नाल्याकडे होती.

"इथं परवानगी देता येत नाही, बाई."

"मंग दुसरी दाखवा, बाबूजी."

"दुसरी नाही."

"मंग म्हातारीले घेऊन मी कुठं जाऊ? निंबावर?"

ती गेल्यावर नारायणरावांनी दार लोटलं आणि दाढीचं पातं काढलं. कापडावरची शाई पात्याने खरवडता येते, हे प्रत्येक कारकुनाला ठाऊक असतं. त्यांनी तेवढा तुकडा खरवडला आणि रुक्मिणीबाईंची जागा सोडून, नाल्याच्या अंगाला, नवी रेघ काढली. पुण्य केल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला होता. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

महिनाभराने सरपंच हिंमतराव आले. त्यांना नाल्याकाठी कापसाचं गोदाम बांधायचं होतं.

"काऊन हो बाबूजी, रेघेची कंबर बायांपुरतीच वाकते काय?"

पातं पुन्हा निघालं. मग विम्याचा माणूस आला. त्याने मला निरखून पाहिलं, पुराचा धोका नाही असं लिहिलं आणि गोदामाचा विमा उतरवून तो निघून गेला. नाला पाहायला दोनशे पावलं चालावं लागलं असतं. मला पाहायला खुर्ची होती.

त्याआधीच, रेघ पहिल्यांदा सरकली तेव्हा, परवानगी घ्यायला रुक्मिणीबाई सासूला सोबत घेऊन आल्या होत्या.

"रुक्मे, तिथं पानी येते. कवाची सांगून राह्यले तुले."

"आत्याबाई, नकाशात पाहा ना. रेघ पल्याड हाये."

नारायणरावांनी रेघेवर बोट ठेवून दाखवलं. अंबूबाईंना वाचता येत नव्हतं, तरी त्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सरकारच्या कागदात नाही म्हंता? तं मग मलेच चुकीचं दिसलं असंन. वरून पाहत होते ना."

त्या क्षणी मला आग लागली असती तर बरं झालं असतं.

पुढे काही वर्षं नाला शांत राहिला. गेल्या भाद्रपदात भर दुपारी तो आला, आणि म्हैस बांधलेली असायची तिथवर चढला. त्याला कोणी नवी रेघ दाखवली नव्हती. रुक्मिणीबाई भाजी घेऊन उंद्रीच्या बाजाराला गेल्या होत्या. अंबूबाई घरात होत्या, आणि त्यांचे गुडघे आता झाड चढण्यासारखे राहिले नव्हते. पाणी ओसरल्यावर त्या पडलेल्या भिंतीखाली सापडल्या.

चौकशीला अधिकारी आले. मला टेबलावर पसरून म्हणाले, "घर पूररेषेच्या बाहेर. कोणाचा दोष नाही." हिंमतरावांना भिजलेल्या गोदामाची विमा-भरपाईही माझ्याच साक्षीवर मिळाली. रुक्मिणीबाईंना विचारलं, काही सांगायचंय का?

"काय सांगू, साहेब? आत्याबाई सांगत होत्या. म्याच कागदाचं आयकलं."

नारायणराव दौतीचं झाकण घट्ट करत होते. ते आधीच घट्ट होतं.

आज रुक्मिणीबाईंचा अर्ज माझ्यावर पडला आहे. त्याच जागेवर पुन्हा घर बांधायचा. नाकारायचं तर कारण लिहावं लागेल, आणि कारण लिहायचं तर पात्याचीही गोष्ट लिहावी लागेल. नारायणराव चार दिवसांनी निवृत्त होणार. त्यांनी शेरा मारला: पूररेषेबाहेर, हरकत नाही. मग नव्या कारकुनासाठी यादी करायला घेतली: गावठाण नकाशा, एक, स्थिती उत्तम.

रुक्मिणीबाई, उद्या तुम्ही परवानगी न्यायला याल. मला टेबलावर पाहू नका. उचला, खिडकीपाशी न्या आणि उन्हासमोर धरा. पातं फिरलं तिथं माझं अंग विरळ झालंय. तिथून उजेड जास्त येतो. ती उजेडाची वाट म्हणजे जुनी, खरी रेघ; ती तुमच्या जागेच्या मागून जाते. तिच्या अलीकडे, नाल्याच्या बाजूला, पाया खणू नका. दुसरी जागा नाही म्हणाले, तर मला तसंच उन्हात धरून, सगळ्या पंचांना दाखवून, पुन्हा विचारा. माझी अब्रू जाईल, ती जाऊ द्या.

आणि गावाला एवढं सांगा, की अंबूबाईंना नीटच दिसलं होतं.