बाविसावं पान

ऑब्रीने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला, मर्लच्या पुढ्यात उलगडला आणि पेन पुढे केलं.

"सही कर," तो म्हणाला. "हवं तर वाचून कर."

मर्ल पत्ते पिसत होती. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिची बोटं आल्याच्या गाठीसारखी वेडीवाकडी झाली होती, तरी पिसायचं काम ती दुसऱ्याला देत नसे. अल्व्हरस्टोन गावच्या त्या सभागृहात दर गुरुवारी दुपारी 'पाचशे' या पत्त्यांच्या खेळाचे डाव रंगत, आणि एकतीस वर्षं ही दोघं एकमेकांची भिडू होती. समोरची जोडी, रॉस आणि थेल्मा, चहाच्या रांगेत उभी होती. आज लॅमिंग्टन केकमध्ये जॅम होता, त्यामुळे रांग काही लवकर हलणार नव्हती.

"कसली सही?"

"साक्ष म्हण. त्या चोरटीला उघडं पाडायचंय."

चोरटीचं प्रकरण मर्लला तोंडपाठ होतं. गेले तीन गुरुवार ऑब्री दुसरं काही बोललाच नव्हता. इंटरनेटवर पत्त्यांची जादू करणाऱ्यांचा एक कट्टा होता; जगभरची माणसं, एकमेकांची तोंडंही न पाहिलेली. ऑब्रीने चाळीस वर्षं कारखान्यात बटाट्याची सालं काढणारं यंत्र सांभाळलं. निवृत्त होताना त्याला एक घड्याळ मिळालं, आणि तेही मागे पडायचं. कट्ट्यावर मात्र त्याला मान होता, आणि तो एकाच जादूच्या जोरावर. तिचं नाव 'बाविसावं पान'. समोरच्याने ओढलेलं पान त्याच्याच हाताने कॅटमध्ये कुठेही खुपसायचं, पत्ते हवे तेवढे काटायचे, तरी ते निघायचं बरोबर मध्यावर, बाविसाव्या जागी.

कट्ट्याचा एकच नियम कडक होता: जादू लपवा, पण ती कोणाकडून आली ते लपवू नका. प्रत्येक जादूखाली एक ओळ भरावी लागे, 'मूळ कोणाचं?' बाविसाव्या पानाखाली त्या ओळीत वीस वर्षं ऑब्रीचं नाव होतं. आणि आता स्वीडनमधल्या कोणा इल्वाने तीच जादू शिकवणारा व्हिडिओ विकायला काढला होता. पहिली दोन मिनिटं फुकट, पुढचं पैसे भरून. कट्ट्यावर दोन तट पडले. अर्धे ऑब्रीच्या बाजूने उभे राहिले आणि अर्धे म्हणाले, पुरावा दे, नाहीतर नाव काढतो. नाव गेलं की आपल्याकडे ते घड्याळच उरणार, हे ऑब्रीला पक्कं ठाऊक होतं.

"तू तो व्हिडिओ आख्खा पाहिलास?" मर्लने विचारलं.

"माझीच वस्तू मी विकत घेऊ? डोकं फिरलंय का माझं?"

मर्ल पिसत राहिली. ऑब्री खुर्ची पुढे ओढून पुरावा सांगू लागला. परवा दाढी करता करता त्याला तो सापडला होता. जादूला हात घालण्याआधी ही बया ऑब्रीसारखीच कॅटमधून दहा पानं बाजूला काढते: चारही दुर्ऱ्या, चारही तिर्ऱ्या आणि दोन काळ्या चौक्या. जोकर मात्र ठेवते. का? कट्ट्यावरच्या पंडितांनी वीस वर्षं यावर डोकं खाजवलं होतं. कोणी म्हणे पत्ते हातात हलके बसावेत म्हणून, कोणी म्हणे त्यात काही गणित दडलंय. ऑब्री सगळ्यांना गूढ हसून वाटेला लावायचा. खरं तर त्यात गूढ कसलं आलंय! पाचशेच्या खेळात ती दहा पानं नसतातच. चौघांना दहा-दहा, मध्ये तीन, झाली त्रेचाळीस; त्यातलं मधलं पान बाविसावं. ही जादू पाचशेच्या टेबलावर जन्मली, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

"इथल्या टेबलावर," ऑब्री बोट आपटत म्हणाला. "स्वीडनमध्ये कोण पाचशे खेळतंय? पकडली की नाही? तू फक्त सही करून सांगायचंस की एवढी वर्षं मी इथे ती करतोय."

"इथल्याच टेबलावर," मर्ल म्हणाली. "त्या खिडकीजवळच्या."

तिने ते अगदी सहज म्हटलं. ऑब्रीचं बोट मात्र टेबलावरच थांबलं.

मर्लचा नवरा गेला त्या साली दोन महिन्यांनी ती परत डावाला आली होती. असेच चहाची वाट पाहत बसले असताना ती म्हणाली होती, ओढ एक पान. त्याने तिला तीनदा करायला लावलं, पुढच्या गुरुवारी पुन्हा. पोरांना गोवर आला तेव्हा त्यांना अंथरुणात थोपवून धरायला काढलेलं खूळ आहे हे, असं तिने सांगितलं होतं. त्याने घरी जाऊन पत्त्यांची पकड बदलली, खडबडीत होतं ते घासून गुळगुळीत केलं, नाव दिलं. ते स्वयंपाकघरातलं खूळ होतं, जादू आपण केली, हे त्याने स्वतःला इतक्यांदा बजावलं की पुढे बजावायचीही गरज उरली नाही. आता त्याचे कान तापले. लाज वाटली की त्याचे कानच आधी चुगली करत.

"मी त्यात बरंच बदललं, मर्ल."

"बदललंस ना. माझ्यापेक्षा छान करतोस तू."

यात टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती मनापासून म्हणाली होती.

मग तिने पत्ते खाली ठेवले आणि सांगितलं. सहा वर्षांपूर्वी, ऑब्रीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो दोन महिने घरी बसला, तेव्हा स्वीडनहून एक मुलगी चेरी तोडायला आली होती. मर्लच्या मागच्या खोलीत राहायची. बोटं फार चांगली होती तिची. आपली तर तेव्हाच जायला लागली होती, म्हणून म्हटलं, घे बाई, कोणाकडे तरी राहू दे.

"म्हणजे तीन आठवडे तुला माहीत होतं?"

"तू विचारलंस कुठे? तू आपला चोर, चोर करत होतास." तिने कागद स्वतःकडे ओढला. "तिने मला आख्खा व्हिडिओ पाठवलाय. नातीने लावून दिला, पाहिला मी. दे ते पेन. काय लिहायचं? खरं असेल ते लिहीन."

ऑब्रीने पेन दिलं नाही. कागद परत घेतला, कोऱ्या बाजूला उलटला आणि वर लिहिलं, 'मूळ कोणाचं'. पुढे 'मर्ल' लिहिलं आणि आडनावापाशी त्याचा हात अडला. एकतीस वर्षं गुणांच्या कागदावर त्याने फक्त 'आपण' आणि 'ते' एवढंच लिहिलं होतं.

रॉस आणि थेल्मा कप सांभाळत येताना दिसली. मर्लने पत्ते उचलून वाटायला सुरुवात केली.

"बॅरट," ऑब्री हळूच म्हणाला. "स्पेलिंगच्या शेवटी एक टी की दोन?"

"दोन," मर्ल त्याच्यापुढे पानं टाकत म्हणाली. "इल्वाने व्हिडिओत माझं नाव बरोबर लिहिलंय."