साडेपासष्ट सेकंदांचा देव

कोपरीच्या त्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पाटावर हार घातलेला कॉम्प्युटर, शेजारी दोन्ही हात वर करून संगणकानंद महाराज. साल सत्त्याण्णव. कॉम्प्युटर फार कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे महाराजांचं फावलं होतं.

"ना हात लावला, ना बोट! चैतन्याची विंडो उघड, देवा!"

मंत्र संपता संपता पडद्यावर समई पेटायची आणि अक्षरं उमटायची: होकार, नाहीतर नकार. लोक थोबाडीत मारून घेत होते. मला हसू आवरेना.

मासळीवाल्या दगडाबाई पुढे झाल्या. त्यांच्या मालूला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, कागद भरायचा आज शेवटचा दिवस. "देवा, माजे मालूला शिकायला धाडू का नको?"

महाराजांनी मनगटावरच्या घड्याळावर डोळा ठेवून मंत्र लांबवला. समई पेटली. नकार.

"पोर मठात सेवेला ठेवा," महाराज म्हणाले. मालू रडू लागली आणि माझं हसू पळालं.

माझ्या शेजारी बसलेली, डोंबिवलीत कॉम्प्युटर क्लास घेणारी हेमा मात्र घड्याळात बघून खुदखुदत होती. "अरे, दर साडेपासष्ट सेकंदांनी! एकदा होकार, एकदा नकार!" ती ताडकन उठली. "मावशी, थांबा. आता विचारा, हा बाबा लबाड आहे का?"

"यंत्र कोपेल!" महाराज प्लगकडे धावले. दगडाबाईंनी त्यांचं मनगट पकडलं. रोज घोळ मासा कापणारा हात तो, सुटतो कसला!

"इचारते ना देवा! ह्यो बाबा लबाड हाय का?"

हेमा मोजू लागली, "चार, तीन, दोन, एक..."

समई पेटली. होकार!

हॉल हसून लोळला.

"प्रोग्रामात टायमर असतो," हेमा म्हणाली. "ठरलेला वेळ झाला की तो सांगितलेलं काम करतो. ह्याच्या टायमरमध्ये पासष्ट हजार पाचशे पस्तीस मिलिसेकंदांच्या, म्हणजे साडेपासष्ट सेकंदांच्या वर आकडा बसत नाही. माझी शिकाऊ पोरंही तोच टाकून मोकळी होतात! कुठल्या उत्तराला कुणाला पुढे घ्यायचं, एवढंच बाबांचं काम."

"चल गो मालू, कागद भरू!" दगडाबाई पोरीला घेऊन निघाल्या.

तेवढ्यात, कुणी काही विचारलं नसताना, समई पुन्हा पेटली. नकार. दारातून मालू खळखळून हसली.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी घड्याळ बघा. आणि पोरींच्या शिक्षणाचं पोरींना विचारा.